तुमचे प्रश्न, बागेतली उत्तरं : अंगणातला सेब आणि सातपुड्यातला मोह

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं. चोपड्याला आमच्या अंगणात सेबाचं झाड आहे आणि यंदा त्याला अकरा फळं लागली, एवढंच. त्यावर इतकी पत्रं आली की पोस्टमन म्हणाला, "ताई, लग्न काढलं का घरात?" निम्म्या पत्रांत झाड कसं लावायचं हे विचारलंय आणि निम्म्यांत त्यातून काय गाळता येईल हे. तीस वर्षं फळबाग शिकवली, पण इतक्या उत्साहाने माझ्या वर्गात कुणी हात वर केला नव्हता. जागेपुरती निवडक पत्रं घेते.

प्रश्न : ताई, मोबाइलवर व्हिडिओ बघून मी सेबाची चाळीस रोपं मागवली आहेत. रोपवाला म्हणतो, ४५ डिग्रीतही फळ येतं. केळीचं एक वावर मोकळं करू का? – केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, वावर मोकळं करू नका. चाळीसपैकी चार रोपं घराजवळ लावा आणि बाकीची पाहुण्यारावळ्यांत वाटून टाका.

सेबाच्या झाडाला हिवाळ्यात झोप लागते. पारा ७ अंशांच्या खाली किती तास राहिला, याचा हिशेब ते आपल्या डोळ्यांत, म्हणजे फांदीवरच्या मिटलेल्या अंकुरांत, साठवत असतं. काश्मीर-हिमाचलच्या डेलिशस जातींना असे हजारावर तास लागतात. आपल्याकडे थंडीची लाट आली आणि शेकोट्या पेटल्या, तरी पहाटेचे दोन-चार तास काय ते. तेवढ्यात झाडाची डुलकीसुद्धा होत नाही.

म्हणून कमी थंडीवर भागणाऱ्या जाती आल्या. इस्रायलमध्ये तयार झालेली ॲना, बहामा बेटांवर सापडलेली डॉरसेट गोल्डन आणि हिमाचलमधल्याच बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी पुढे आणलेली एचआरएमएन-९९. शर्माजींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, ती योग्यच. ही झाडं उन्हाळी मुलखात फुलतात, यात खोटं नाही. पण 'फुलतात' आणि 'परवडतात' यांच्यात अख्खी तापी वाहते.

माझंच सांगते. मी चार रोपं लावली. एक ९९ काळ्या जमिनीत पहिल्याच पावसाळ्यात मुळं कुजून गेलं. ॲनाला शेजारी डॉरसेट लागतं, नाहीतर फळ नीट धरत नाही. ही गोष्ट मला रोप विकणाऱ्याने सांगितली नव्हती, आणि मी फळबाग शिकवणारी बाई असून विचारायला विसरले. जानेवारीच्या शेवटी फूल, मे अखेर फळ. लाली चढतच नाही, कारण तिला गार रात्र लागते आणि आपल्या मे महिन्यातल्या रात्री म्हणजे चुलीवरून उतरवलेला तवा. चव बरी असते, पण आठवड्यात फळ पिठूळ होतं. नातवंडांना दाखवायला झकास. व्यापाऱ्याला दाखवाल तर तो चहा पाजून परत पाठवेल.

प्रश्न : मॅडम, बाजारातल्या सेबाच्या बिया रुजवल्या तर तसंच फळ येईल का? आणि 'सायडर' म्हणजे कुठे साधा रस तर कुठे दारू असं वाचायला मिळतं. नक्की काय? – बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : बाळ, तुझे हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. पहिल्याचं उत्तर दिलं की दुसऱ्याचं अर्धं होऊन जातं.

माझ्या आजोबांच्या बांधावर आंब्याची सात झाडं होती, सगळी कोयीची. एकाचं नाव शेप्या, एकाचं साखऱ्या, एकाचं दह्या. एकाचा आंबा दुसऱ्यासारखा नाही. साखऱ्याची कोय पेरली म्हणून साखऱ्या उगवेल याची खात्री नाही. तोच आंबा पुन्हा हवा तर कलम करावं लागतं. सेबाचं अगदी हेच. एका फळात पाच-सहा बिया निघाल्या तर त्या पाच-सहा वेगळ्या नशिबांच्या पुड्या. बहुतेक पुड्यांतून निघतं ते बारीक, आंबट, तुरट फळ. एक घास घेतला की जांभळासारखा घसा धरतो.

आता आंबट रायवळ कैऱ्यांचं आपण काय करतो? फेकत नाही. धडगावकडे त्यांचं आमचूर होतं, घरोघरी लोणचं आणि पन्हं होतं. तसंच थंड देशांतल्या शेतकऱ्याने तुरट सेब ठेचला, पिळला आणि रस पिंपात भरून ठेवला. सालीवर आणि घाण्यावर यीस्ट असतंच. ते साखर खातं, अल्कोहोल आणि वायू सोडतं. तीन-चार महिन्यांत बिअरच्या जवळपास जाणारं किंवा थोडं कडक पेय तयार. तेच सायडर. खायच्या सेबाची बाग आणि प्यायच्या सेबाची बाग यात फरक आहे, आणि कित्येक शतकं त्या मुलखांत प्यायचीच बाग मोठी होती. टोपलीत लाल, गुळगुळीत, एकसारखी फळं दिसू लागली, ती गोष्ट अलीकडची.

मूळ फळाचं गाव कझाकस्तानातल्या तिएन शान डोंगरात. तिथे अजून रानटी सेबाची जंगलं आहेत. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव १९२९ मध्ये तिथे पोचले. त्यांनी पाहिलं की अल्माटी शहराभोवतीच्या उतारावर लहान, मोठी, गोड, कडू, पिवळी, लाल अशी सगळी फळं एकाच रानात आहेत. माझ्या आजोबांच्या बांधासारखं, फक्त डोंगरभर. तिथून व्यापारी वाटांनी बी पश्चिमेला गेलं. ग्रीक-रोमन लोकांनी कलमाची विद्या त्यावर वापरली. गोड जात निवडून जपायची सोय तेव्हा झाली.

पण गरिबाला कलम परवडत नव्हतं, बी परवडत होतं. अमेरिकेत याची एक मोठी गोष्ट आहे. जॉन चॅपमन नावाचा माणूस, जन्म १७७४ चा. सायडरच्या घाण्यांवरच्या चोथ्यातून बिया गोळा करायच्या, ओहायो-इंडियानाच्या नव्या वसाहतींच्या पुढे पुढे जाऊन नदीकाठी रोपवाटिका घालायच्या आणि मागून येणाऱ्या शेतकऱ्यांना रोपं विकायची, हा त्याचा धंदा. लहान मुलांच्या पुस्तकांत तो अनवाणी फिरणारा साधू असतो. साधू होताही, कलम करणं म्हणजे झाडाला इजा असं तो मानायचा. मात्र बियांची रोपं म्हणजे आंबट फळ आणि आंबट फळ म्हणजे पिंप, हे त्यालाही कळत होतं आणि रोप घेणाऱ्यालाही. तिथे जमिनी विकणाऱ्या ओहायो कंपनीच्या एका योजनेत तर फुकट जमीन घेणाऱ्याला तीन वर्षांत सेबाची ५० आणि पीचची २० झाडं लावायची अट होती. बाग लावणारा माणूस पळून जात नाही, हा त्यामागचा हिशेब.

इंग्लंडात हेरेफर्ड, सॉमरसेट, डेव्हन हे सायडरचे जिल्हे. तिथे शेतमजुराच्या मजुरीचा एक भाग सायडरमध्येच मिळायचा. दिवसाला दोन लिटरच्या आसपास, सुगीत त्याहून जास्त. आपल्याकडे आखाजीला सालदार ठरवताना इतके रुपये आणि इतकी ज्वारी असं ठरायचं, तसं तिथे इतके शिलिंग आणि इतकं सायडर. ज्याचा घाणा चांगला, त्याला मजूर चांगले. १८८७ च्या कायद्याने मजुरी दारूत द्यायला बंदी झाली. माझ्या मते त्या कायद्याने कितीतरी बायकांची चूल पेटली असेल. ज्वारी निदान घरी येते, सायडर बांधावरच संपतं.

आणखी एक गोष्ट सांगायचा मोह होतोय. डेव्हनमध्ये सायडर पिणाऱ्यांना पोटात भयंकर कळा यायच्या, हातपाय लुळे पडायचे. लोक म्हणत, फळाच्या आंबटपणाने होतं. जॉर्ज बेकर नावाच्या डॉक्टरने १७६७ मध्ये दाखवून दिलं की दोष फळाचा नाही, घाण्यात वापरलेल्या शिशाचा आहे. आंबट रस शिसं खात होता आणि माणूस तो रस पीत होता. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, हे माझ्या आईला शाळेत न जाता माहीत होतं. सेबाच्या घाण्यावर एखादी खान्देशी सासू हवी होती.

सायडरच्या सेबाची पुढे शास्त्रीय वर्गवारीही झाली. ब्रिस्टलजवळ लाँग ॲश्टन इथे १९०३ मध्ये खास फळं आणि सायडरसाठी संशोधन संस्था निघाली. तिथे आम्ल आणि तुरटपणा आणणारं टॅनिन मोजून चार गट पाडले : गोड, आंबट, तुरट-गोड, तुरट-आंबट. डॅबिनेट ही तुरट-गोड जात, किंग्स्टन ब्लॅक तुरट-आंबट. उत्तम सायडरची फळं बाजारात आणून ठेवली तर गिऱ्हाईक भांडेल. फ्रान्सच्या नॉर्मंडीत तर हेच सायडर उकळून, गाळून त्याचं कडक मद्य करतात. त्याचं नाव काल्वादोस.

आता तुझा दुसरा प्रश्न. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात जर्मन लोकांची बिअर आली, माणसं शहरांत गेली, दारूबंदीची चळवळ वाढली आणि १९२० ते १९३३ देशभर मद्यबंदीच होती. या सगळ्यात पिंपातलं सायडर मागे पडलं आणि त्याचं नाव ताज्या, न आंबवलेल्या रसाला चिकटलं. म्हणून अमेरिकेत नुसतं 'सायडर' म्हटलं तर रस, दारूला 'हार्ड सायडर' म्हणायचं. इंग्लंडात सायडर म्हणजे दारूच. तू वाचलेल्या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत.

रुजव तू बिया, पण फळाच्या आशेने नको. अमळनेरच्या उन्हात रोप पहिल्या मेमध्येच मान टाकेल.

प्रश्न : हिमाचलचे सेब एका अमेरिकन माणसाने आणले आणि तो गांधीजींच्या चळवळीत तुरुंगात गेला, असं शाळेत मुलांना सांगतो. खरं ना? – निवृत्त शिक्षक, धुळे

उत्तर : गुरुजी, खरं आहे. फक्त 'आणले'ला थोडी दुरुस्ती. कुलूच्या खोऱ्यात बंदरोल इथे एका इंग्रज कॅप्टनने १८७० च्या सुमारासच बाग लावली होती. पण ती इंग्रजांच्या जिभेची आंबट फळं. आपल्या लोकांना आंबट सेब म्हणजे फसवणूक वाटते. सॅम्युअल इव्हान्स स्टोक्स १९०४ मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा करायला आले, सिमल्यापलीकडे कोटगडला राहिले, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि १९१६ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेतून रेड डेलिशसची रोपं मागवली. गोड, लाल, वाहतुकीला टिकणारं. बटाटे पिकवणाऱ्या डोंगराचं नशीब फिरलं. १९२१ च्या डिसेंबरात इंग्रज सरकारने त्यांना अटक केली, सहा महिन्यांची शिक्षा झाली. १९३२ मध्ये ते हिंदू होऊन सत्यानंद झाले, १९४६ मध्ये गेले.

मुलांना यातलीच आणखी एक गंमत सांगा. हे रेड डेलिशस कुणी ठरवून तयार केलेलं नाही. आयोवा राज्यात जेसी हाइअट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत ते आपोआप उगवलं. ओळीबाहेरचं म्हणून त्याने दोनदा छाटून टाकलं, तरी फुटलं. शेवटी त्याने राहू दिलं. फळ एका स्पर्धेत पाठवलं आणि स्टार्क कंपनीने हक्क विकत घेतले. अमळनेरच्या मुलीला वर लिहिलं ना, बहुतेक पुड्या आंबट निघतात? ही एक गोड निघाली, आणि आज जळगावच्या गोलाणी मार्केटबाहेरच्या गाडीवर जे लाल सेब दिसतात त्यांतल्या कित्येकांची कुळी तिथवर जाते.

नाव मात्र चुकीच्या फळाचं घेतलंय आपण. 'सफरचंद' हा शब्द अरबी 'सफरजल'वरून आला आणि सफरजल म्हणजे सेब नव्हे, बिही, इंग्रजीतलं क्विन्स. गुजरातीतही 'सफरजन'च.

प्रश्न : वजन कमी करायला ॲपल सायडर व्हिनेगर घेते. सासूबाई म्हणतात ती दारू आहे, एकादशीला चालणार नाही. – गृहिणी, भुसावळ

उत्तर : दारूची पुढची पायरी आहे ती. आधी यीस्टने रसाची दारू केली, मग दुसऱ्या जिवाणूंनी हवेच्या साहाय्याने त्या दारूचं आम्ल केलं. बाटलीत उरतं ते साधारण ४ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल, अल्कोहोल नावापुरतंच. फसलेलं सायडर म्हणा हवं तर. एकादशीचा निवाडा मी देणार नाही, सासूबाईंशी माझं भांडण नको. पण कोरं घेऊ नका, दातांचं वरचं आवरण जातं. वजनासाठी जळगावच्या मेहरूण तलावाला रोज एक फेरी त्याहून खात्रीची, पण तुम्ही भुसावळच्या, तर तापीकाठ धरा.

प्रश्न : मी पावरा आदिवासी समाजाचा आहे. आमच्या आजीच्या हातची मोहाची दारू म्हणजे 'गावठी', पोलिस केस. परदेशातली फळांची दारू म्हणजे 'परंपरा', हजारो रुपयांची बाटली. आम्हाला बेवडे म्हणतात ते वेगळंच. यावर काही लिहाल का? – शिक्षक भरतीची तयारी करणारा, धडगाव

उत्तर : दादा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी शास्त्र. मोह हे फळ नाही, फूल आहे. पण ती पाकळी इतकी मांसल आणि गोड की तिला फूल म्हणणं अन्याय आहे. सुकवलेल्या मोहात निम्म्याच्या आसपास साखरच असते, अगदी मनुक्यासारखी. बाबरानेसुद्धा आपल्या आठवणींत हे झाड नोंदवलंय, सुकं फूल मनुक्यासारखं लागतं आणि त्याची दारू गाळतात म्हणून. मी मघापासून ज्या सायडरच्या सेबाबद्दल लिहितेय, तसं आपल्या मुलखातलं झाड कुठलं असं विचारशील तर हेच. बी पेरून वाढलेलं, कुणी कलम न केलेलं, प्रत्येक झाडाची गोडी निराळी. तुमच्याकडे रानात कुठलं झाड कुठल्या घराचं, हेही ठरलेलं असतं. 

१९८४ मध्ये आंब्याची कलमं वाटायला मी पहिल्यांदा धडगावला आले. फाल्गुन संपत आला होता. पहाटे पाचला जाग आली ती टपटप आवाजाने. पाऊस नव्हता, मोह पडत होता. बायकांनी आदल्या दिवशी झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ केली होती. उजाडेपर्यंत टोपल्या भरल्या. त्या घरच्या आजीने सुका मोह भाजून ज्वारीच्या भाकरीबरोबर दिला. म्हणाली, दुष्काळात याच्यावरच लेकरं जगली. संध्याकाळी म्हाताऱ्याने वाटीतले चार थेंब आधी जमिनीवर सांडले, पूर्वजांना, आणि मगच वाटी फिरली. मी बोटाच्या टोकाने चाखली. पहिल्या धारेची होती, जिभेवर ठिणगी पडल्यासारखं झालं. तेवढीच माझी आयुष्यातली दारू.

करायची रीत तशी सोपी. सुका मोह पाण्यात पाच-सहा दिवस भिजवायचा, फेस येऊन बसला की चुलीवर, वर मडकं, नळी, गार पाणी. काल्वादोसची रीत याहून मुळात निराळी नाही. त्यांच्याकडे तांब्याचं भांडं आणि ओकाचं पिंप, तुमच्याकडे मडकं आणि दुसऱ्या दिवशीचा सण.

मग एक परंपरा आणि दुसरी गुन्हा कशी झाली? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. घरी गाळणं बेकायदा झालं, दारू मक्तेदाराच्या दुकानातूनच घ्यायची. सरकारला महसूल हवा होता, तुमच्या आजीच्या मडक्यावर कर बसवता येत नव्हता. १८९२ मध्ये ठाणे-कुलाब्यासाठी तर मोहाच्या फुलांवरच कायदा आला. म्हणजे झाडाखाली पडलेलं वेचायला परवाना! घरची स्वस्त गेली, दुकानाची महाग आली आणि तिच्याबरोबर उधारी आली. जमिनी कशाने गेल्या, हे तुझ्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचार.

पण एक बाजू अशीही, आणि ती तुझ्याच लोकांची आहे. १९२२ च्या सुमारास देवीची चळवळ दक्षिण गुजरातेत आणि पश्चिम खान्देशात पसरली. देवी अंगात येऊन सांगायची, दारू सोडा, ताडी सोडा, रोज अंघोळ करा. गावंच्या गावं दारूच्या दुकानांकडे पाठ फिरवून उभी राहिली. पुढे १९३० च्या दशकात तळोद्याजवळच्या मोरवडला गुलाम महाराजांकडे हजारोंनी माणसं जमायची. दारू सोडायची आणि एकमेकांना 'आप' म्हणायचं. ज्यांना सगळे अरे-तुरे करत, त्यांनी स्वतःलाच मान द्यायला सुरुवात केली. बाहेरच्या कुणी शिकवलेली दारूबंदी नव्हती ती.

बेवडे म्हणणाऱ्यांना खान्देशचा इतिहास ऐकव. या सुभ्यातला सगळ्यात नामांकित दारुडा सातपुड्यातला नव्हता, अकबर बादशहाचा धाकटा मुलगा दानियाल होता. बऱ्हाणपूरला दख्खनचा कारभार बघायचा. बापाने पहारे बसवले, दारू बंद केली. तर एका बंदूकधाऱ्याने बंदुकीच्या नळीत भरून आत नेली. नळीत गंज होता, बंदुकीच्या दारूची जुनी राख होती. प्यायला आणि अंथरुणाला खिळला तो उठलाच नाही. जहांगीरने स्वतः लिहून ठेवलंय की त्या बंदुकीला दानियालने हौसेने 'यक्का-ओ-जनाजा' नाव दिलं होतं. जनाजा म्हणजे तिरडी.

आणि दादा, खरं सांगते, मी दारूची बाजू घेऊन लिहीत नाही. माझे सख्खे काका दारूत गेले. मोहाच्या नव्हे, काळा गूळ आणि नवसागर घातलेल्या हातभट्टीच्या. काकूंनी दोन एकर केळी, मग एक विहीर, मग मंगळसूत्र, या क्रमाने गमावलं. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये शंभरावर माणसं मेली ती मिथेनॉलने, ते रसायन आहे, फुलाचा त्यात काही संबंध नाही. दोन्हींना एकच 'गावठी' म्हणणारा माणूस शिशाचा दोष सेबावर टाकणाऱ्यांच्या रांगेतला.

काजूच्या बोंडाची फेणी गोव्याची म्हणून तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नर्मदेपलीकडे अलिराजपूरला बचत गटाच्या बायका मोहाची दारू परवान्याने बाटलीत भरू लागल्या, मध्य प्रदेश सरकार तिला 'हेरिटेज' म्हणतं. धडगाव तालुक्याला ती नदी लागूनच आहे. आपल्याकडे मात्र आजही परवान्याशिवाय गाळणं गुन्हाच आहे, तेव्हा आजीला सांभाळून. परीक्षेचा निकाल मला कळव.

प्रश्न : केळीला कधी कधी कापणीचाही खर्च निघत नाही. केळीची वाइन करता येईल का? – यावल

उत्तर : येते. पण चिकट काम आहे. केळीत साखर भरपूर, मात्र रस सुटत नाही, नुसता लगदा. आफ्रिकेत रवांडा-युगांडाकडे लोकांनी यावर युक्ती काढलीय. पिकलेली केळी धारदार गवतात घालून तुडवायची, गवताने गर अडतो आणि रस सुटतो. मग त्यात भाजलेल्या ज्वारीचं पीठ घालून ठेवायचं. रवांडात तिला उर्वाग्वा म्हणतात, युगांडात तोंतो. केळी आणि ज्वारी! दोन्ही आपल्याच बांधावर, आणि सुचलं त्यांना. कारखान्यात पेक्टिन तोडणारं एन्झाइम घालतात. मात्र घरी करून बघू नका. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, आणि एका शेतकऱ्याच्या दोन टन केळीसाठी तो खटाटोप परवडत नाही. दहा-वीस जण मिळून केळीचे वेफर्स, पावडर बघा. त्याला दारोगा येत नाही.

प्रश्न : कवठाची दारू होते का? (पोस्टकार्डावर एवढंच. सही वाचता येत नाही, शिक्का एरंडोलचा.)

उत्तर : होत होती. इंग्रजांनी ज्या फळाला 'वुड ॲपल' म्हटलं ते हेच, म्हणजे या अंकाच्या विषयात तुम्ही नकळत बसलात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या, म्हणजे दारूवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात आसवाचं माप दिलंय : कवठ एक तुळा, काकवी पाच तुळा, मध एक प्रस्थ. तिथेच आंब्याच्या सुरेचाही उल्लेख आहे आणि द्राक्षाच्या रसाला 'मधु' म्हटलंय.

माप वाचल्यावर मला घाम फुटला. कवठ आणि गूळ, म्हणजे आमच्या घरची चटणीच की! तीन वर्षांपूर्वी महाशिवरात्रीला केलेली चटणी बरणीत उरली होती. फडताळात मागे सरकवली आणि विसरले. चैत्रात एका दुपारी सगळे झोपलेले असताना फडताळातून 'फट्' असा आवाज झाला. झाकण वरच्या फळीला लागलं होतं आणि बरणीतून फेस उतरत होता. यजमानांनी वास घेतला, चमचाभर चाखली, मग आणखी एक चमचा घेतला आणि म्हणाले, "यंदा चटणी जमलीये." मी बरणी उकिरड्यावर रिकामी केली. आमची म्हैस दुपारभर तिथून हलली नाही.